आधी सुई, मग सुरी: कुत्र्या-मांजराच्या अंगावरच्या गाठीचं काय करायचं

अंगावरून हात फिरवताना कातडीखाली गाठ लागते. मऊ असते, बोटाखाली सरकते, दाबली तरी प्राणी कुरकुर करत नाही. पहिला विचार येतो, चरबीची असेल. बऱ्याचदा ती चरबीचीच निघते. पण कुत्र्यांच्या कातडीत सर्वांत जास्त आढळणारा घातक ट्यूमर, म्हणजे मास्ट सेल ट्यूमर (ॲलर्जीत सूज आणणाऱ्या मास्ट सेल पेशींचा), हाताला अगदी असाच लागू शकतो. या दोन्हींतला फरक बोटांना कळत नाही, अनुभवी डॉक्टरांच्या बोटांनाही नाही.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे "बघू या, वाढली तर काढू". दुसरी म्हणजे "काय असेल ते असो, काढूनच टाकू". पहिलीत वेळ जातो, पण दुसरीतलं नुकसान जास्त मोठं असतं. चरबीची गाठ कडेकडेने सोलून काढली तरी भागतं. मास्ट सेल ट्यूमरला मात्र चारी बाजूंनी साधारण २ ते ३ सेंमी निरोगी कातडी आणि खालच्या बाजूला फॅशियाचा (स्नायूंवरच्या चिवट आवरणाचा) किमान एक अखंड थर सोबत काढावा लागतो. न ओळखता सोलून काढलं, तर उरलेल्या पेशी जखमेच्या पोकळीत विखुरतात. मग दुसऱ्या वेळी ती सगळी पोकळी, जुनी शिवण आणि भोवतालची निरोगी कातडी असं सगळंच काढावं लागतं, आणि पायासारख्या ठिकाणी तेवढी कातडी नसतेच. माणसांच्या सार्कोमातही (हाडं, स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कर्करोगातही) हाच अनुभव आहे: नाव न कळता काढलेल्या गाठीची पुढची शस्त्रक्रिया मोठी आणि अवघड होते. पूर्ण बरं होण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्याच शस्त्रक्रियेत असते, म्हणून तिच्याआधी गाठीचं नाव कळलं पाहिजे.

गाठ सापडल्या दिवशी

मोजमाप त्याच दिवशी घ्या. "लिंबाएवढी" हे माप नव्हे, आज पाहणाऱ्याचं लिंबू वेगळं आणि महिन्याने पाहणाऱ्याचं वेगळं. साधा प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर घ्या, केस बाजूला करा आणि सर्वांत लांब व्यास व त्याला काटकोनातला व्यास असे दोन आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. कॅलिपरने गाठ चिमटू नका, मऊ गाठ दाबल्याने ५ मिमी सहज कमी भरते. पट्टी शेजारी धरून फोटो काढा. गाठीवरचे केस थोडे कातरून ठेवा, नाहीतर दाट केसांच्या कुत्र्यात पुढच्या वेळी तीच गाठ सापडायला अर्धा तास जातो. कागदावर प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूची बाह्याकृती काढून त्यावर प्रत्येक गाठीला क्रमांक द्या. म्हाताऱ्या कुत्र्याला दहा-बारा गाठी असू शकतात आणि नेमकी त्यातली एकच वाईट असू शकते.

व्यास दुप्पट झाला की गाठीचं घनफळ आठपट होतं. १ सेंमीची गाठ २ सेंमीची झाली हे डोळ्यांना किरकोळ वाटतं. पण १ सेंमीच्या गाठीत आधीच १० कोटी ते १०० कोटी पेशी असतात. म्हणून नियम सोपा ठेवावा: गाठ १ सेंमी किंवा त्याहून मोठी असेल आणि महिनाभर टिकली असेल, तर सुईने नमुना घ्यायचा. झपाट्याने वाढणारी, फुटलेली, रक्त येणारी किंवा प्राणी सतत चाटत असलेली गाठ असेल, तर महिनाही थांबू नका. सकाळी फुगलेली आणि संध्याकाळी बसलेली गाठ दिसली, की लोक निर्धास्त होतात. खरं तर असं फुगणं-बसणं मास्ट सेलचं ठळक लक्षण आहे, कारण त्या पेशींच्या कणांतलं हिस्टामिन बाहेर पडलं की आसपास सूज येते. अशी गाठ चोळू नका, पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका.

महिन्यातून एकदा सगळ्या अंगावरून ठरलेल्या क्रमाने हात फिरवा. जबड्याखाली, खांद्याच्या पुढे, काखेत, जांघेत, मागच्या गुडघ्याच्या पाठीमागे: लिम्फ नोडच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या छोट्या ग्रंथींच्या, या जागा. मग स्तनांच्या दोन्ही रांगा. कुत्रीत बहुधा पाच जोड्या असतात, मांजरीत चार, आणि शेवटची जोडी पार जांघेत असल्याने तीच सुटते. तोंड उघडून हिरड्या, टाळू आणि जिभेखाली बघा. बोटांच्या बेचक्या आणि नखांची मुळं बघा. गुदद्वाराशेजारच्या ग्रंथींची तपासणी डॉक्टरांकडून बोटाने करून घ्या. तिथला ट्यूमर बाहेरून काहीच दिसत नाही आणि कधीकधी रक्तातलं कॅल्शियम वाढवतो, तेव्हा घरच्यांना फक्त एवढंच दिसतं की कुत्रा पाणी फार पितो.

सुईचा नमुना कसा घ्यायचा

हे काम डॉक्टरांचं आहे, पण कसं होतं ते पालकांनाही ठाऊक असावं, कारण वाया जाणारे बहुतेक नमुने सुई टोचताना नव्हे, तर काचेवर बिघडतात.

२२ ते २५ गेजची सुई आणि ५ किंवा १० मिलीची सिरिंज पुरते. भूल लागत नाही, इंजेक्शनइतकंच टोचतं. स्पिरिटने पुसून कातडी पूर्ण वाळू द्या. टोचण्याआधीच पाच-सहा स्लाइड स्वच्छ पुसून ओळीने मांडा. त्यांच्या खरबरीत टोकावर पेन्सिलीने प्राण्याचं नाव, तारीख आणि गाठीचा क्रमांक लिहा. पेनाची शाई रंग देताना अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कुठली स्लाइड कुठल्या गाठीची हे सांगता येत नाही.

लिम्फ नोड आणि मऊ गाठींसाठी ओढ न देता नमुना घ्यावा: सिरिंजमध्ये आधीच २-३ मिली हवा भरून ठेवा, सुई लावा आणि एकाच मार्गावर पाच-सहा वेळा झपझप आत-बाहेर करा, सुई गाठीच्या बाहेर न काढता. पेशी सुईच्या पोकळीत आपोआप भरतात आणि रक्त कमी मिसळतं. घट्ट, तंतुमय गाठीतून अशा पद्धतीने काही आलं नाही तर दट्ट्या थोडा ओढून धरा, दोन-तीन वेळा दिशा बदला आणि सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून द्या. तो ओढलेला राहिला तर नमुना सिरिंजच्या नळीत शोषला जातो आणि तिथेच चिकटून वाळतो. एका गाठीतून दोन-तीन वेगळ्या जागांहून घ्या. मोठ्या गाठीचा मध्य टाळा, तिथे बहुधा मेलेल्या पेशी असतात.

आता काच. सुईचं तिरपं तोंड काचेकडे वळवून, काचेला जवळजवळ टेकवून हवा एका झटक्यात सोडा. छोटासा थेंब पडतो. त्यावर दुसरी काच अलगद ठेवा, थेंब तिच्या स्वतःच्या वजनाने पसरू द्या आणि वरची काच आडवी सरकवून काढा. बोटाने दाबू नका. लिम्फ नोडच्या पेशी इतक्या नाजूक असतात की जरा दाब पडला की केंद्रकं फुटून त्यांचे जांभळे धागे होतात, आणि पॅथॉलॉजिस्टला पेशींऐवजी पिंजलेला कापूस दिसतो. काच हवेत हलवून लगेच वाळवा. ओली काच डबीत बंद करू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. काचेवर दव साचलं की पेशी फुगून फुटतात.

फॉर्मॅलिनची (काढलेला तुकडा टिकवायच्या द्रावणाची) बाटली उघडी असलेल्या टेबलावर हे काम करू नका. फॉर्मॅलिनची नुसती वाफही पुरते: पेशी अर्धवट स्थिर होतात, मग रंग घेत नाहीत आणि सगळी काच निळसर-हिरवट, धूसर दिसते. बायोप्सीची (तपासणीसाठी कापून काढलेल्या तुकड्याची) बाटली आणि स्लाइड एकाच पिशवीत पाठवल्या, तर बाटली घट्ट बंद असूनही हे घडतं. दोन वेगळी पाकिटं करा. सोनोग्राफीखाली नमुना घेत असाल तर टोचण्याआधी जेल पुसून टाका. तिचे जांभळे कण रंगवलेल्या काचेवर पेशी झाकून टाकतात.

प्राणी टेबलावरून उतरण्याआधी एक काच रंगवून पाहा. पेशीच आल्या नसतील तर लगेच पुन्हा टोचता येतं. रंगवण्याआधी मात्र काच उजेडात तिरपी धरा. थेंब तेलकट, चकचकीत असेल आणि कितीही हलवला तरी वाळत नसेल, तर ती चरबी आहे. हे निरीक्षण फॉर्मवर लिहा. रंगाच्या पहिल्या अल्कोहोलमध्ये चरबी धुऊन जाते, काच कोरी दिसते आणि "पेशी नाहीत" असा अहवाल येतो.

मास्ट सेल पेशी जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या दिसतात, एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. पण झटपट रंगांत काही वेळा हे कण रंगतच नाहीत. संशय असेल तर दुसरी काच टोल्युइडीन ब्लूने रंगवा. टोचल्यावर गाठ लाल होऊन सुजली, तर घाबरू नका, पण ती नोंद करा. अशा गाठीतून रक्त जास्त वेळ येऊ शकतं, कारण त्या पेशींत हेपॅरिनही असतं. काही मिनिटं स्थिर दाब द्या.

सुईचं उत्तर कधी मानायचं नाही? सार्कोमाच्या पेशी एकमेकींना धरून असतात, सुईत सहजी येत नाहीत. नुसतं रक्त किंवा "तुरळक पेशी" असा अहवाल म्हणजे गाठ निर्दोष असं नव्हे. तिथे बायोप्सी करावी. कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींतही सुई बरीचशी अपुरी पडते, साधी की घातक हे ऊतींची रचना पाहूनच ठरतं.

लिम्फ नोड निवडताना जबड्याखालचा टाळा. दात खराब असलेल्या प्राण्यात तो बहुधा सुजलेला असतो. शिवाय शेजारची लाळग्रंथी हाताला तशीच लागते आणि नमुना तिचाच येतो. खांद्यापुढचा किंवा गुडघ्यामागचा नोड घ्या, आणि एकाहून जास्त नोडमधून घ्या.

एका जागी सुई घालूच नये: मूत्राशयातल्या संशयित गाठीत, पोटाच्या भिंतीतून. सुईच्या वाटेवर पेशी सांडून पोटाच्या भिंतीत ट्यूमर उगवल्याची उदाहरणं आहेत. त्याऐवजी लघवीचा नमुना वापरा. कुत्र्यांच्या मूत्राशयाच्या कर्करोगात बहुतेक वेळा बीआरएएफ या जनुकात एक ठरावीक बदल असतो आणि तो लघवीतल्या पेशींत तपासता येतो. हाच बदल माणसांच्या मेलॅनोमात (रंगपेशींच्या कर्करोगात) मोठ्या प्रमाणात सापडतो.

बायोप्सी

गाठीचा छोटा तुकडा घ्यायचा की पूर्ण गाठ, हे पुढची शस्त्रक्रिया बदलणार आहे का यावर ठरवा. तुकडा घेताना चीर अशा जागी आणि अशा दिशेने द्या की पुढे मुख्य शस्त्रक्रियेत ती पूर्णच्या पूर्ण काढली जाईल. पायावर चीर लांबीच्या दिशेने, आडवी नको. बायोप्सीच्या जखमेत निचऱ्याची नळी ठेवू नका, नळीची वाटही दूषित धरावी लागते.

तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनचं आकारमान तुकड्याच्या दहापट हवं. १० घनसेंमी तुकड्याला १०० मिली. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम १ मिमी शिरतं, म्हणून १ सेंमीपेक्षा जाड गाठ तशीच टाकली तर बाहेरून टणक होते आणि आतून सडते. जाड गाठीला पावाच्या कापांसारखे चिरे द्या, पण एका बाजूने जोडलेलं ठेवा. चिरे देण्याआधी कापलेल्या कडांना ऊतींसाठीची शाई लावून वाळू द्या आणि डोक्याकडची बाजू एका टाक्याने, पाठीकडची दोन टाक्यांनी दाखवा. बाटली रुंद तोंडाचीच घ्या. ताजी गाठ अरुंद तोंडातून कशीबशी आत जाते, पण फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही आणि मग प्रयोगशाळेत बाटली फोडावी लागते. दोन गाठी असतील तर दोन बाटल्या. आणि काढलेली प्रत्येक गाठ पाठवाच, "दिसायला साधी होती" म्हणून टाकून देऊ नका.

अहवालात नुसतं नाव नको. प्रकार, ग्रेड (गाठ किती आक्रमक ती पायरी), पेशी-विभाजनाचा आकडा आणि चारी बाजूंच्या व तळाच्या कडांचं अंतर मिलिमीटरमध्ये मागा. कातडीतल्या मास्ट सेलसाठी १९८४ची तीन पायऱ्यांची आणि २०११ची दोन पायऱ्यांची अशा दोन पद्धती वापरात आहेत, दोन्ही लिहून मागितलेल्या बऱ्या. जुन्या पद्धतीत मधल्या पायरीत बहुसंख्य गाठी जमा होतात आणि त्या पायरीवरून पालकांना काहीच ठरवता येत नाही. नवी पद्धत मोजणीवर उभी आहे. मोठ्या भिंगाखालच्या १० क्षेत्रांत ७ किंवा अधिक विभाजनं, किंवा ३ किंवा अधिक बहुकेंद्रकी पेशी, किंवा ३ किंवा अधिक वेड्यावाकड्या आकाराची केंद्रकं, किंवा ठळकपणे मोठी झालेली केंद्रकं: यांतलं एकही असलं तरी ग्रेड उच्च.

मांजरांबाबत दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवा. मांजरीच्या स्तनांतल्या गाठींपैकी साधारण ८५ टक्के घातक निघतात, त्यामुळे तिथे महिनाभर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही, आणि शस्त्रक्रियेत सहसा त्या बाजूची पूर्ण रांग काढतात. दुसरं, इंजेक्शनच्या जागी आलेली गाठ. ती ३ महिन्यांनंतरही टिकली, किंवा २ सेंमीपेक्षा मोठी झाली, किंवा १ महिन्यानंतरही वाढत राहिली, तर तुकड्याची बायोप्सी करा. ती नुसती सोलून काढायची नाही. हा सार्कोमा बोटांसारख्या फांद्या आत पसरवतो, आणि शस्त्रक्रियेत सगळीकडून ५ सेंमी व खाली दोन थर घेण्याची तयारी ठेवावी लागते.

मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसली तर सुईनेच निदान होतं आणि बहुतेक वेळा सुरी लागतच नाही. हा संसर्गाने पसरणारा ट्यूमर आहे. इथे विषाणू नव्हे, तर खुद्द कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एकाच प्राण्याच्या पेशींचा हा वंश आहे. कुत्र्याची गुणसूत्रं ७८, या पेशींत साठच्या आसपासच. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध, साधारण ४ ते ८ वेळा, एवढ्यावर बहुसंख्य कुत्रे पूर्ण बरे होतात. गाठ दिसेनाशी झाली म्हणून मधेच थांबवू नका.

स्टिरॉइडची घाई नको

लिम्फ नोड सगळीकडे सुजलेत, कुत्रा मलूल आहे, म्हणून कुणीतरी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करतं. दोन दिवसांत नोड बसतात, कुत्रा जेवायला लागतो, सगळे खूश. पण लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कर्करोग) असेल तर याने दोन नुकसानं होतात. नमुन्यातल्या पेशी मरून निदान हातचं जातं, आणि उरलेल्या पेशी औषधांना दाद न देणाऱ्या निवडल्या जातात, त्यामुळे पुढे पूर्ण केमो दिली तरी प्रतिसाद कमी आणि थोडा काळ मिळतो. केमो द्यायचीच नाही असं ठरलं असेल, तर स्टिरॉइड हा दिलासा देणारा रास्त मार्ग आहे. ते ठरण्याआधी देऊ नये. आणि स्टिरॉइडसोबत दुखण्यावरची सूजनाशक औषधं (एनएसएआयडी) एकत्र देऊ नका, जठराला व्रण पडतात. माणसांची गोळी तर नाहीच. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

रोग कुठवर गेलाय हे पाहताना छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढा: डावी कूस, उजवी कूस आणि उताणं. खालच्या बाजूचं फुप्फुस दबलेलं असतं आणि त्यातली गाठ लपते, म्हणून एका कुशीवरचा एक्स-रे अपुरा.

केमो

माणसांत केमो बहुधा रोग मुळापासून काढण्याच्या हेतूने, सोसेल तेवढ्या मात्रेत देतात. प्राण्यांत मात्रा मुद्दाम कमी ठेवतात, कारण हेतू चांगले दिवस वाढवण्याचा असतो. त्यामुळे बहुतेक कुत्रे केमोच्या काळात जेवतात, खेळतात. केसही सहसा गळत नाहीत. पूडलसारख्या, सतत केस वाढणाऱ्या जातींत गळतात, मांजरांच्या मिशा जातात. लिम्फोमात सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन ही माणसांच्याच उपचारातली चौकडी वापरतात. शेकडा ८० ते ९० कुत्र्यांत नोड पूर्ण बसतात आणि बी-पेशींच्या प्रकारात मध्यक आयुष्य साधारण वर्षभराचं असतं. मध्यक म्हणजे निम्मे त्यापेक्षा कमी जगले आणि निम्मे जास्त. तो आकडा आपल्या कुत्र्याची मुदत समजू नका. मात्र तुलनेसाठी हेही माहीत हवं की काहीच उपचार न केल्यास हा काळ साधारण ४ ते ६ आठवड्यांचा असतो.

मात्रा वजनावर नाही, शरीराच्या पृष्ठभागावर काढतात. कुत्र्यासाठी: वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याचा दोन-तृतीयांश घात काढा, १०.१ने गुणा, १०,०००ने भागा. १० किलोच्या कुत्र्याला ०.४७ चौरस मीटर येतात, २० किलोच्याला ०.७४. वजन दुप्पट, पण पृष्ठभाग दीडपटीहून जरासाच जास्त. चौरस मीटरला ३० मिग्रॅ डॉक्सोरुबिसिन धरलं तर २० किलोला सुमारे २२ मिग्रॅ. याच सूत्राने फार लहान कुत्र्यांना मात्रा जास्त पडते, म्हणून त्यांना किलोला १ मिग्रॅ देतात. प्रत्येक फेरीआधी वजन नव्याने करा आणि आकडेमोड दोघांनी वेगवेगळी करून ताडून पाहा. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर कुत्रा जातो.

कॉली आणि तत्सम मेंढपाळ जातींत आधी एमडीआर-१ जनुकाची तपासणी करा. त्यात चार अक्षरं गळालेली असतील तर व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन शरीराबाहेर नीट टाकलं जात नाही आणि नेहमीची मात्राच विष ठरते. मांजराला सिस्प्लॅटिन आणि ५-फ्लुरोयुरॅसिल कधीच नाही, दोन्हींनी मांजर मरतं. फ्लुरोयुरॅसिलचं कातडीला लावायचं मलम घरात कुणी वापरत असेल तर तेही कुलपात ठेवा. ट्यूब चघळलेला कुत्रा वाचत नाही, असंच बहुधा होतं.

व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर मांस सडतं. म्हणून कॅथेटर पहिल्याच टोचणीत बसलेलं हवं. आधी टोचलेल्या शिरेत त्याच दिवशी देऊ नये. सांडलं, तर व्हिन्क्रिस्टिनवर शेक गरम आणि डॉक्सोरुबिसिनवर थंड, उलट करू नका. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन हा उतारा शक्यतो पहिल्या ३ तासांत द्यावा लागतो. घरी पुढचे दहा दिवस तो पाय रोज पाहा. लाली, सूज किंवा सततचं चाटणं दिसलं की त्याच दिवशी दाखवा.

घरी आणखी काय सांभाळायचं? पांढऱ्या पेशी बहुतेक औषधांनंतर ७ ते १० दिवसांनी तळाला जातात, कार्बोप्लॅटिननंतर त्याहून उशिरा. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ३९.४च्या वर गेलं आणि प्राणी मलूल असेल, तर रात्री दोन वाजले असले तरी निघा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरला साधारण १५००च्या खाली असतील तर पुढची फेरी आठवडाभर ढकलतात, त्यात उपचार बिघडत नाही. उलटी-जुलाब बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात होतात, त्यासाठी मारोपिटंटसारखं औषध आधीच घरात आणून ठेवा. सायक्लोफॉस्फामाइड सकाळी द्या आणि दिवसभर पाणी भरपूर पाजून दर दोन-तीन तासांनी लघवीला न्या. ते शरीरात मोडून तयार होणारं ॲक्रोलीन मूत्राशयात तुंबून राहिलं की आतलं अस्तर जळतं आणि जंतू नसतानाही लघवीतून रक्त येतं.

औषध दिल्यानंतर किमान ३ दिवस लघवी, शी, उलटी हातमोजे घालून उचला आणि दुहेरी पिशवीत टाका. अंथरूण वेगळं, दोनदा धुवा. गोळी तोडू नका, कुटू नका, कॅप्सूल उघडू नका. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिने ना गोळी हाताळावी, ना ती घाण.

परिणाम मोजणं, आणि संशोधनात भाग घेणं

आठवड्याला एकदा तोच कॅलिपर, तोच माणूस, तीच बाजू. मोजायच्या गाठींच्या सर्वांत लांब व्यासांची बेरीज करा. ती सुरुवातीपेक्षा ३० टक्के कमी झाली तर अंशतः प्रतिसाद, सर्वांत कमी झालेल्या बेरजेपेक्षा २० टक्के वाढली किंवा नवी गाठ आली तर रोग पुढे सरकला. शेजारी रोजचं खाणं, झोप, चालणं यांचीही नोंद ठेवा. गाठ लहान होत असताना प्राण्याचे दिवस वाईट जात असतील तर उपचार बदलायला हवा, आणि ते कॅलिपर सांगत नाही.

कुत्र्यांचे कर्करोग प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेले नसतात, आपसूक होतात, आपल्याच घरात, आपल्याच हवेत. म्हणूनच त्यांच्यावरचं संशोधन माणसांपर्यंत पोहोचतं. मोठ्या जातींच्या कुत्र्यांतला ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) मुलांतल्या त्याच रोगाशी इतका मिळताजुळता आहे, की मिफामुर्टाइड या औषधाच्या चाचण्या कुत्र्यांत झाल्या आणि युरोपात २००९ साली ते माणसांसाठी मंजूर झालं. उलट दिशेनेही वाट आहे. माणसांच्या जठर-आतड्यांच्या भिंतीतल्या जीआयएसटी या ट्यूमरमध्ये केआयटी जनुकाच्या ज्या भागात बदल सापडतात, त्याच भागात कुत्र्यांच्या मास्ट सेलमध्येही सापडतात, आणि त्या जनुकाच्या प्रथिनावर चालणारं टोसेरानिब हे खास कुत्र्यांच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध २००९चंच.

चाचणीत नाव घालण्याआधी लेखी विचारा: नेहमीचा उपचार सोडावा लागणार का? औषध मिळणारच की नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात जाण्याची शक्यता आहे? किती वेळा भूल, किती वेळा बायोप्सी? दुष्परिणाम झाले तर त्या उपचाराचा खर्च कोण करणार? मधेच बाहेर पडता येईल का, आणि प्राणी गेल्यावर शवविच्छेदनाची अट आहे का? शेवटचा प्रश्न आधी विचारायला जड जातो, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकणं त्याहून जड जातं.

आणि बायोप्सीचा अहवाल हाती आला, की प्रयोगशाळेला सांगा की पॅराफिनचा ठोकळा (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) टाकू नका, जपून ठेवा. केआयटीची तपासणी, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत किंवा पुढे एखाद्या चाचणीसाठीची पात्रता, हे सगळं त्याच ठोकळ्यातून पुन्हा काप काढून करता येतं. प्राण्याला परत टोचावं लागत नाही. ठोकळ्याचा क्रमांक गाठींच्या नकाशावर, त्या त्या गाठीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.